ओळ नऊला चूक आहे

मला टूल वापरायचं होतं आणि सरांना सगळं हाताने लिहून हवं होतं, यावरून आमचं आठवडाभर भांडण चाललेलं. भांडण म्हणजे भांडत मी होते. सर नुसते चष्मा पुसायचे आणि "बघ बाई, तुझं तू ठरव" म्हणायचे, त्याने मी आणखीच तडकायचे. समोरचा माणूस भांडलाच नाही तर जिंकल्याचा आनंद कसा मिळणार?

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. ठाण्यात एका इंडस्ट्रियल गाळ्यात आमची सात माणसांची कंपनी होती, सर तिथे माझे वरिष्ठ. केमिकल कारखान्यांसाठी आम्ही कंट्रोलर बनवायचो. कंट्रोलर म्हणजे एक पेटी. कारखान्यात ज्या मोठ्या बंद भांड्यात माल शिजतो त्या रिअ‍ॅक्टरला ती जोडायची. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती डिग्रीपर्यंत तापवायचं, किती वेळ ढवळत ठेवायचं, हे एकदा तिला लिहून दिलं की पुढचं ती करणार. लिहून द्यायचं कसं, यासाठी आम्ही एक छोटीशी भाषा ठरवलेली, वीस-बावीस शब्दांची. ‘हीट ८०’ म्हटलं की ऐंशीपर्यंत तापव. ‘होल्ड ४५ मिनिट’ म्हटलं की पंचेचाळीस मिनिटं तसंच ठेव. हे लिहिलेलं वाचून, ते भाषेत बसतं की नाही ते तपासून, पेटीला समजेल अशा रूपात देणारा प्रोग्राम लागतो. त्याला पार्सर म्हणतात. तो लिहायचं काम माझ्याकडे आलेलं. पहिलंच मोठं काम, आणि मी चोवीस वर्षांची, डोंबिवलीची, तोंडाने फटकळ.

आता पार्सर दोन तऱ्हांनी होतो. एक तर हाताने, ओळीमागून ओळ लिहीत जायचं. नाहीतर भाषेचे नियम एका फाइलीत मांडायचे आणि ती फाइल पार्सर जनरेटर नावाच्या टूलला द्यायची. ते टूल तुम्हाला तयार पार्सर बनवून देतं. कॉलेजातल्या मैत्रिणीने मला असं एक टूल फ्लॉपीवर आणून दिलेलं आणि माझा त्याच्यावर जीव जडलेला. दीड पानाचे नियम लिहिले की काम खल्लास. शिवाय तुमच्या नियमांतच कुठे गोंधळ असेल, एकच ओळ दोन तऱ्हांनी वाचता येत असेल, तर ते टूल आधीच ओरडतं. हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये असला घोळ लपून राहतो आणि नको तेव्हा बाहेर येतो. हे सगळं मी सरांना बोट नाचवत ऐकवलं.

सर पन्नाशीचे होते. खोलीभर पसरलेल्या जुन्या कम्प्युटरवर काम केलेला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आणि लिहिणाऱ्याने चूक केली तर तुझं टूल काय सांगतं?"

"ओळीचा नंबर, आणि सिंटॅक्स एरर." लिखाण नियमात बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

"एवढंच?"

"सर, आपण प्रोग्राम लिहितो तेव्हा कम्पायलर पण तेवढंच सांगतो. आपण शोधतोच ना?"

"आपण शिकलोय गं शोधायला," सर म्हणाले. "ही भाषा आपण वापरणार नाही."

मला ते तेव्हा जुन्या माणसाचं रडगाणं वाटलं. हाताने लिहायला दोन महिने लागतील, टूलने दोन आठवडे, कारखाना तर रोज फोन करतोय, असं मी ठणकावून सांगितलं. वेळेचा मुद्दा मात्र खरा होता. सरांनी परत "तुझं तू ठरव" म्हटलं आणि मी टूल वापरलं. बारा दिवसांत पार्सर उभा राहिला. काय सांगू, मी हवेत होते.

कारखाना डोंबिवलीतच होता, एमआयडीसीत, माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. आमचं घर स्टेशनच्या पूर्वेला. वारा फिरला की त्या बाजूचा उग्र वास घरात यायचा आणि आई न बोलता खिडक्या लावायची. मी पेटी बसवायला गेले तेव्हा पॅनेलवर, म्हणजे मीटर आणि बटणांच्या फळीसमोर, एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ बसलेले. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. ते खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. भाऊ अजून होडी घालायचे, हे एकटे वीस वर्षांपूर्वी कारखान्यात लागलेले. शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी म्हणजे व्हॉल्व्हवरच्या आणि पॅनेलवरच्या पट्ट्या वाचून शिकलेले तेवढं. पण ढवळणीचा आवाज ऐकून माल किती दाट झालाय ते सांगायचे. मी चेष्टेवारी नेलं, तर त्यांनी मला कान लावायला लावलं आणि म्हणाले, "आता जड झाला बगा, मॅडम." दोन मिनिटांनी मीटरचा काटा तेच सांगायला लागला.

मी त्यांना तीन दिवस शिकवलं. एका बोटाने टाइप करायचे, पण जपून, एकेक अक्षर बघून. डेमोच्या दिवशी बॅच, म्हणजे मालाच्या एका खेपेच्या सगळ्या ओळी, मी स्वतः टाइप केली, एका फटक्यात चालली. मालकांनी, त्यांना सगळे शेट म्हणायचे, पेढे मागवले. दोन पेढे खाऊन मी घरी आले.

तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या ऑफिसात मामांचा फोन.

"मॅडम, ओळ नऊला चूक हाय म्हनतं."

"काय लिहिलंय नऊला?"

त्यांनी वाचून दाखवलं. हीट नव्वद. चक्क बरोबर होतं. मला वाटलं वाचताना बरोबर वाचतायत, टाइप करताना काहीतरी गडबड केली असणार, स्पेस राहिली असेल, अक्षर गेलं असेल.

"ती ओळ पुन्हा लिहा."

अर्ध्या तासाने परत फोन. "लिवली. नऊलाच चूक म्हनतं."

"मामा, नीट बघून लिहा. पुन्हा लिहा."

असं त्या दिवशी चार वेळा झालं. दुसऱ्या दिवशी पाच वेळा. मला त्या माणसाचा राग यायला लागलेला. एक ओळ, दोन शब्द, आणि जमत नाही म्हणजे काय? पाचव्या फोनला मी ओरडलेच. "अहो, लहान मूल पण लिहील एवढं!"  मामा "बरं मॅडम" म्हणाले आणि फोन ठेवला. दोन दिवस तिथे बॅच जुन्याच पद्धतीने, हाताने व्हॉल्व्ह फिरवून काढली.

शेटनी आम्हाला बोलावून घेतलं. मी आणि सर, दोघंही. केबिनमध्ये शेट आणि त्यांचे केमिस्ट बसलेले. शेट थेट मुद्द्यावर आले. "मॅडम, मशीन में प्रॉब्लेम है की माणसात?"

आणि मी म्हणाले. अजून ते वाक्य जसंच्या तसं आठवतं. "मशीन बरोबर आहे. चूक मामांची आहे. मी टाइप केलं तेव्हा चाललं की नाही?"

सरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. शेटनी केमिस्टकडे पाहिलं आणि दोन मिनिटांत निर्णय झाला. पॅनेलवर कोणीतरी बी.एस्सी. झालेला माणूस आणायचा. मामांना मागच्या शेडमध्ये ड्रम भरायला द्यायचं. त्या शेडमध्ये नाकाला फडकं बांधून दिवसभर ड्रमला नळी लावायची. वीस वर्षं पॅनेलवर काढलेल्या माणसाला तिथे उभं करायचं हे त्या कारखान्यात शिक्षेपेक्षा कमी नव्हतं, आणि हे मलाही माहीत होतं. माहीत असून मी माझ्या टूलची बाजू घेऊन बसले.

सरांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "शेट, वीस दिवस द्या. वीस दिवसांनी मामा एकट्याने पूर्ण बॅच लिहितील, कोणी बोट लावणार नाही. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तसं." शेटनी घड्याळ पाहिलं, खांदे उडवले आणि हो म्हणाले.

गेटबाहेर आल्यावर मी सरांच्या अंगावर गेले. वीस दिवसांत काय होणारे, तो माणूस एक ओळ लिहू शकत नाही वगैरे. सर रिक्षाला हात करत होते, थांबले. "त्याने काय लिहिलंय ते तू पाहिलंस का?"

मी फोनवर ऐकलेलं. पाहिलं नव्हतं. नऊ फोन घेतले, पंधरा मिनिटांवर राहते, आणि एकदाही जाऊन स्क्रीन पाहिला नव्हता.  रिक्षात मी तोंड फुगवून बसलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला न जाता मी कारखान्यात गेले. मामा पॅनेलवरच होते. मला बघून उभे राहिले, स्टूल पुसून दिलं. मी म्हटलं, मला ती बॅच दाखवा. त्यांनी स्क्रीनवर काढली आणि मी बघतच राहिले.

ओळ नऊ हीट नव्वद. तिच्या आधी चार-पाच आडव्या रेघा, आणि शेवटी मामांच्या नावाची दोन अक्षरं. खाली परत तीच ओळ, परत रेघा, परत दोन अक्षरं. खाली परत. अशी नऊ वेळा. दहावी तेवढी स्वच्छ.

"मामा, हे काय?"

"तुमीच बोल्लात ना, पुन्हा लिवा."

"अहो पण जुनी पुसायची ना!"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी भलतं बोलले. मग मागच्या कपाटातून एक जाडजूड रजिस्टर काढलं, शिफ्टचं लॉगबुक. पानं उलटून दाखवली. कुठेही खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. आकडा चुकला असेल तिथे त्याच्यावरून एकच सरळ रेघ, आतला आकडा वाचता येईल अशी, शेजारी सही, आणि खाली नवा आकडा. वीस वर्षांचं सगळं असंच.

"पुसायचं नाय, मॅडम," मामा म्हणाले. "केमिकलमधी पुसायचं नाय. उद्या काय झालं तर बगायला लागतं, आदी काय लिवलेलं, कोनी बदललं. पुसलं तर मानूस मरतो हितं." स्क्रीनवर रेघ मारता येत नाही म्हणून त्यांनी आधी डॅश टाकलेले. त्यांना ते मला सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. लिहायची दुसरी रीत असू शकते हेच कधी त्यांच्या मनात आलेलं नाही. माझ्या पार्सरला मात्र ते डॅश म्हणजे वजाबाकीची चिन्हं. म्हणून तो दर वेळी नऊ नंबरच्या ओळीवर अडायचा. मी पुन्हा लिहा म्हणायचे, मामा इमानदारीने ती रेघेखाली घ्यायचे आणि नवी लिहायचे. जुनी नऊ नंबरलाच राहायची. माझ्या सांगण्यानेच माणूस गोल गोल फिरत होता.

पण मग पहिल्यांदा चूक कशी आली? तेव्हा तर रेघ नव्हती. मी वर पाहिलं. ओळ आठ: होल्ड पंचेचाळीस. पुढे ‘मिनिट’ नाही. कारखान्यातल्या छापील तक्त्यात होल्डचा रकाना मिनिटांचाच, तिथे कोणी मिनिट लिहीतच नाही. आणि मी मोठ्या हौसेने नियम केलेला की ओळ कुठेही तोडा, दोन ओळींत लिहा, तीन ओळींत लिहा, चालेल. त्यामुळे पार्सर पंचेचाळीसनंतर मिनिट शोधत पुढच्या ओळीवर गेला, तिथे त्याला हीट सापडलं, आणि त्याने जाहीर केलं की ओळ नऊला चूक आहे. नऊमध्ये काहीच चूक नव्हती. जो माणूस नऊकडे बघून बघून डोळे फोडत होता, तो बरोबर होता.

मी कपाळाला हात लावून बसले. मामांनी विचारलं, "चहा सांगू?" 

वाटेल की आता शहाणी होऊन मी सरांकडे गेले असेन. छे! मी म्हटलं, टूलमध्येच दुरुस्त करते. रेघेची ओळ वाचायची पण चालवायची नाही, हे दहा मिनिटांत झालं. ओळ संपली की स्टेप संपली, हा नियम घातला, नंबरही बरोबर यायला लागला. एवढ्यावर भागेल असं वाटलं. मग मी मामांच्या खुर्चीत बसल्यासारखं करून स्क्रीनकडे पाहिलं. ‘ओळ आठ, सिंटॅक्स एरर.’ ठीक आहे, आठ तर आठ. पण आठमध्ये काय? पंचेचाळीस चुकलं? होल्ड चुकलं? ते परत नऊ वेळा रेघा मारणार. काय राहिलंय ते त्यांच्या शब्दांत सांगायला हवं होतं.

टूलमध्ये त्याचीही सोय असते, चुकीच्या लिखाणाचेही नियम घालता येतात. मी घालायला बसले. एक घातला की टूल ओरडायचं, आता नव्या अकरा ठिकाणी गोंधळ. ते मिटवले की तिसरीकडे. आणि टूलने बनवलेला पार्सर उघडून पाहावा तर आत नुसत्या आकड्यांच्या रांगा, माणसाने वाचावं असं काही नाही. पाच दिवस असे गेले. पाचव्या दिवशी दुपारी मी फ्लॉपी टेबलावर आपटली आणि सरांसमोर जाऊन उभी राहिले.

"हाताने लिहायचाय," म्हटलं.

मी तयारीनेच गेलेले, की "मी सांगितलं नव्हतं?" हे ऐकावं लागणार. सरांनी खुर्ची पुढे ओढून दिली. "नियमांची फाइल टाकून देऊ नकोस. तुझे नियम बरोबर आहेत, ते टूलने तपासलेत, ते काम त्याचं चांगलंच झालंय. आता त्या प्रत्येक नियमाचं एकेक फंक्शन कर." इतकंच. सरांचं हेच तर मला झेपायचं नाही. दोन शब्द सुनावले असते तर मोकळी झाले असते.

राहिले पंधरा दिवस. दोन महिने लागतील असं मीच छातीठोक सांगितलेलं. पण नियम पक्के होते म्हणून काम भराभर सरकलं. होल्डचं एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक छोटा तुकडा, हीटचं एक, व्हॉल्व्हचं एक. होल्डचं फंक्शन फक्त होल्डचंच वाचतं. आधी आकडा मागतं, मग मिनिट का तास ते. आकडा मिळाला आणि पुढचं नाही मिळालं, तर त्याला पक्कं ठाऊक असतं की आपण कुठे अडलोय आणि काय हवं होतं. तिथे मला हवं ते वाक्य लिहिता येत होतं. सरांचा हट्ट कशासाठी होता ते मला लिहिता लिहिता कळलं, कोणी समजावून नाही.

वाक्यं लिहायला मी मामांकडे जायला लागले. रोज सकाळी त्यांची शिफ्ट लागायची त्याआधी अर्धा तास. म्हटलं, "मामा, चुका करा."

"मुद्दाम?"

"हो. जेवढ्या सुचतील तेवढ्या."

त्यांना ते जमेचना. लाजले अक्षरशः. माणूस वीस वर्षं चूक होऊ नये म्हणून जपत आलेला, त्याला म्हणायचं चुका करा! शेवटी मी म्हटलं, नव्या माणसाने काय चुका केल्या असत्या त्या करा, तेव्हा कळी खुलली. मग काय विचारता! शून्याच्या जागी इंग्रजी ओ. चार व्हॉल्व्हच्या कारखान्यात सात नंबरचा व्हॉल्व्ह. ढवळणी बंद न करता माल सोडायचा. एकेक चूक करायचे आणि स्वतःच हसायचे. दोन दिवसांनी मॅडमची ‘बाय’ कधी झाली ते मला कळलंही नाही.

स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं ठरवलं. मी पहिलं वाक्य लिहिलं, ‘एकक नमूद केलेले नाही’. मामांनी अक्षर अक्षर लावून वाचलं आणि विचारलं, "एकक म्हंजे कोन?" मला हसू फुटलं. मग लिहिलं, ‘होल्ड पुढे मिनिट का तास ते राहिलं’. यावर त्यांनी मान हलवली.

एकदा त्यांनी मध्येच विचारलं, "बाय, भांड्यात काय घातलंच नाय आनि हीट लिवलं, तर बोलंल का?" मी थबकले. रिकामं भांडं तापवणं भाषेच्या नियमात बसत होतं. दीड पानाच्या त्या फाइलीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. पण असं झालं की काय होतं ते मामांनी एकदा पाहिलेलं, एका दुसऱ्या कारखान्यात, आणि सांगताना त्यांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले. तीही तपासणी मी घातली. पार्सरमधली सगळ्यात कामाची ओळ त्या सातवी शिकलेल्या माणसाची आहे, हे मी नंतर आयुष्यभर लोकांना सांगत आले.

विसाव्या दिवशी अकरा वाजता शेट, केमिस्ट, सर आणि मी पॅनेलमागे उभे. केमिस्टने कागद दिला, चाळीस ओळींची बॅच. मामांनी हात पुसले, चष्मा लावला आणि एका बोटाने सुरुवात केली. शेट दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते.  सगळं लिहून झालं, मामांनी बटण दाबलं आणि स्क्रीन थांबला.

चूक. शेट केमिस्टकडे वळले. ते वळणं मला कळलं, केबिनमध्येही ते तसेच वळलेले.

मामा वळले नाहीत. बोट स्क्रीनवर ठेवून वाचलं. ‘ओळ १७. होल्ड पुढे मिनिट का तास ते राहिलं.’ वीस वर्षांच्या हाताची सवय, दुसरं काय! त्यांनी सतरावर रेघा टाकल्या, सही केली, खाली होल्ड तीस मिनिट लिहिलं आणि परत बटण दाबलं. पहिला व्हॉल्व्ह खट्कन उघडला. मामांनी मान तिरकी करून ढवळणीचा आवाज ऐकला आणि चष्मा काढला.

"चलो, ठीक है," शेट म्हणाले. "मामा पॅनेलवरच. नवीन माणूस नको."

मी पुढे झाले. ठरवून आलेले. "शेट, त्या दिवशी मी म्हणाले चूक मामांची, ते खरं नव्हतं. चूक आमच्या प्रोग्रामची होती. माझी होती."

"छोडो ना मॅडम," शेट म्हणाले, "चला ना अभी." आणि केमिस्टच्या खांद्यावर हात टाकून निघून गेले. सरही त्यांच्यामागे बाहेर गेले. मला एवढी चीड आली! तीन आठवडे जे वाक्य घशात अडकलेलं ते मी बाहेर काढलं, आणि ज्याला सांगायचं त्याला त्याचं काही पडलेलंच नव्हतं.

मामा स्टुलावरच बसलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बाय," ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी केबिनच्या दाराभायेर मी उभा व्हतो. टाकीचा कागद द्यायला आल्तो. तुमी बोल्लात, चूक मामाची हाय."

 म्हणजे एवढे दिवस, स्टूल पुसून देताना, चहा सांगताना, चुका करून हसताना, त्यांना ठाऊक होतं.

"राग नाय आला," मामा म्हणाले. "चुका व्हतात मानसाच्या. मना वाटलं आत यावं आनि तुमाला येवढंच इचारावं, कंची चूक? पन आत सगळे सायबलोक बसलेले. मंग कागद शिपायाकडं दिला आनि परत आलो."